शाळा सोडण्याचे कारण

मी उर्दू शाळेत एकोणतीस वर्षं नोकरी केली असं सांगितलं, की समोरचा माणूस आधी माझं नाव पुन्हा विचारतो. नागनाथ, असं मी पुन्हा सांगतो. मग तो विचारतो, "म्हणजे तुम्हाला उर्दू येतं?" मी म्हणतो, थोडंफार येतं, पण तिथं मी मराठी शिकवायचो. यावर बहुतेक लोक "अच्छा, अच्छा" म्हणतात आणि गाडी पावसापाण्यावर नेतात. अहमदपुरात मात्र मला नाव लागत नाही. स्टँडवरचा रिक्षावाला, कापडाचा दुकानदार, दवाखान्यातली नर्स, सगळ्यांसाठी मी नुसता 'मराठी सर'. यातले निम्मे माझे विद्यार्थी आणि उरलेले माझ्या विद्यार्थ्यांचे आईबाप.

आमची शाळा सरकारनं काढली नाही, कुठल्या बड्या संस्थेनंही नाही. ती काढली एका बेकरीवाल्यानं. त्यांना सगळे हाजीसाहेब म्हणत. गावात उर्दू शाळा होती ती सातवीपर्यंत. पुढं शिकायचं तर लातूर नाहीतर नांदेड. मुलं चार-सहा महिने एसटीनं जात आणि कंटाळून गॅरेजला लागत. मुली जातच नसत. हाजीसाहेबांच्या तीन मुली सातवीत चांगल्या पास होऊन एकापाठोपाठ एक घरी बसल्या. चौथी, रुखसाना, सहावीत गेली तेव्हा त्यांनी एका बंद पडलेल्या जिनिंगचं शेड भाड्यानं घेतलं आणि आठवीचा वर्ग सुरू करायची परवानगी मिळवली. पत्र्याच्या फटींत अडकलेला कापूस पुढं कित्येक वर्षं वारा सुटला की आमच्या हजेरीपटावर येऊन पडायचा.

मी शिरूर अनंतपाळजवळच्या एका खेड्यातला. बी.एड. करून दोन वर्षं घरच्या तुरीत आणि बापाच्या डोळ्यांसमोर फिरत होतो. मुलाखतीला बोलावलं ते थेट बेकरीत. भट्टीच्या उबेला, मैद्याच्या पोत्यावर बसून मुलाखत झाली. हाजीसाहेबांनी माझी प्रमाणपत्रं पाहिलीच नाहीत.

"मास्तर, लेकरं चुकले तर हसताव का?"

"न्हाई."

"चिडताव का?"

"थोडंसं चिडतो."

"चिडा. पण हसू नका. आमचे लेकरं बाजारात मराठी फाडफाड बोलतेत. कागद पुढं आला की गप बसतेत. त्यात कुणी हसलं की कायमचे गप बसतेत."

मला वाटलं, वर्षभर काढू इथं, तोवर कुठंतरी चांगली जागा निघेल. ती निघायची अजून बाकी आहे.

पहिल्याच आठवड्यात मी हसलो नाही, पण चिडलो. वह्या तपासायला घेतल्या तर पहिली वही कोरी, दुसरी कोरी, तिसरीही कोरी. सगळ्या वर्गाला उभं केलं. पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं हळूच माझ्या हातातली वही घेतली, उलटी केली आणि परत दिली. आत पानं भरून मराठी होतं. उर्दू उजवीकडून सुरू होते, म्हणून पोरांनी मराठीची वहीही सवयीनं तिकडूनच सुरू केली होती. मी आयुष्यभर जिला पाठ समजत होतो ती त्यांच्यासाठी वहीची सुरुवात होती.

त्यातून मग आमच्या शाळेची एक रीत पडली. दोनशे पानी एकच वही. एका बाजूनं उर्दू, दुसऱ्या बाजूनं मराठी. दोन्ही भाषा आपापल्या टोकाकडून सरकत सरकत मध्ये येत आणि पानं संपत. मग पोरं ओरडत येत, "सर, वही भेटली." वही भेटल्याशिवाय घरून नवी मिळत नसे. मी अकारण मोठमोठे निबंध लिहायला सांगतो, अशी काही पालकांची तक्रार होती. ती खरी होती.

आता 'विनाअनुदानित' म्हणजे काय, ते बाहेरच्यांना सांगितलं पाहिजे. शाळेला सरकारची मान्यता असते, अभ्यासक्रम सरकारचा, परीक्षा बोर्डाची, तपासणी सरकारची. फक्त पगार सरकारचा नसतो. संस्था जे देईल ते घ्यायचं आणि 'अनुदान येणार' या दोन शब्दांवर जगायचं. माझ्या लग्नात सासऱ्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला होता, अनुदानित का विनाअनुदानित? लवकरच येतंय म्हणून सांगितलं. पुढं दर दिवाळीला ते मला एवढंच विचारत, आलं का? शेवटी शेवटी त्यांनी विचारणं सोडलं आणि घरची डाळ पाठवायला लागले. आमचे विज्ञानाचे इम्रान सर संध्याकाळी रिक्षा चालवत. कधीकधी त्यांच्याच वर्गातली पोरं मागं बसलेली असत आणि सर आरशात बघून त्यांना आम्ल आणि आम्लारी विचारत.

अडचणी सांगायला बसलो तर पानं पुरायची नाहीत. उर्दूतली विज्ञानाची पुस्तकं कधी कधी दसऱ्याला पोचत. उन्हाळ्यात आम्ही मास्तर मंडळी घरोघर पोरं गोळा करत हिंडायचो आणि त्याच गल्लीत इंग्रजी शाळेची पिवळी बस हॉर्न वाजवत उभी असे. आमच्याकडं ना बस, ना टाय. तरी शाळेची स्वतःची इमारत उभी राहिली, ती कशी, हे मी पाहुण्यांना नेहमी फिरवून दाखवतो. ज्याच्याकडं जे काम, ते त्यानं दिलं. गवंड्यानं शुक्रवारची सुट्टी दिली, सुतारानं बाकं दिली, रंगाऱ्यानं भिंती. शाळेचं मोठं लोखंडी गेट दिलं सलीमनं. सलीमचं वेल्डिंगचं वर्कशॉप स्टँडच्या मागं आहे. गेट त्यानं स्वतः हातगाड्यावर घालून आणलं, रस्त्याच्या बाजूनं उभं राहून बसवलं, दोनदा उघडून-मिटून पाहिलं आणि निघून गेला. चहाला बोलावलं तर म्हणाला, काम हाय. गेटाच्या आत त्यानं पाऊल टाकलं नाही. का टाकलं नाही, ते मला माहीत होतं.

सलीम माझा विद्यार्थी. अठरा वर्षांपूर्वी तो नववी पास होऊन दहावीत आला. हातात कसब, गणित बरं, पण मराठीच्या पेपरात ठार. तेव्हा अनुदानाच्या मूल्यांकनाची पहिली आवई उठली होती आणि सगळे म्हणत होते, दहावीचा निकाल शंभर टक्के असला की फाईल पुढं सरकते. निकाल शंभर टक्के करायचा एक सोपा रस्ता शाळांना ठाऊक असतो. जो नापास होईल असं वाटतं, त्याला शाळा सोडल्याचा दाखला द्यायचा आणि सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावायचा. सतरा नंबर म्हणजे बाहेरून परीक्षा. पोरगा तीच परीक्षा देतो, तोच पेपर लिहितो, पण तो शाळेचा राहत नाही. पास झाला तर त्याचा तो, नापास झाला तर शाळेला डाग नाही. त्याच्या बापाला सांगायचं, काय फरक पडत नाही, परीक्षा तीच आहे.

सलीमच्या बाबतीत ही कल्पना माझीच होती. मुख्याध्यापक का-कू करत होते, मी त्यांना पटवलं. माझं अक्षर चांगलं म्हणून दाखलेही मीच लिहायचो. दाखल्यावर एक रकाना असतो, शाळा सोडण्याचे कारण. तिथं मी लिहिलं, 'पालकांच्या विनंतीवरून.' त्याच्या वडिलांनी कसली विनंती केली नव्हती. ते बिचारे वर्गाबाहेर चप्पल काढून उभे होते, मी कारण वाचून दाखवलं ते त्यांनी नुसतं ऐकून घेतलं. सलीम दाखला न्यायला कधी आलाच नाही. त्यानं फॉर्म भरला नाही, परीक्षा दिली नाही. दाखला ऑफिसच्या कपाटात पडून राहिला. त्या वर्षी आमचा निकाल शंभर टक्के लागला, आम्ही पेढे वाटले, आणि मीही एक खाल्ला. याची मला लाज वाटते, आणि ती इथं लिहून कमी होईल असंही नाही.

मग आलं माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष.

रुखसाना, हाजीसाहेबांची तीच चौथी मुलगी, आता आमची मुख्याध्यापिका होती. पोरं आणि आम्ही सगळे तिला आपा म्हणायचो. मी तिला आठवीत मराठी शिकवलं होतं, आणि ती मला रजेचा अर्ज नीट लिहायला सांगायची. हाजीसाहेब तोवर गेले होते. निरोप आला होता की पुढच्या जून-जुलैत मूल्यांकनाचं पथक खात्रीनं येणार आणि यंदाच्या दहावीचा निकाल पाहणार. या खेपेला खरंच येणार असं सगळे म्हणत होते.

दहावीत नसरीन नावाची मुलगी होती. वडील हैदराबादला फरशी बसवायच्या कामावर, आई बांगड्या विकायची. ऑगस्टच्या चाचणीत नसरीनचा मराठीचा पेपर जवळजवळ कोरा होता. वही उलटी करून पाहायची सोय नव्हती, खरोखरच कोरा. आपानं मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर दाखल्याचं पुस्तक होतं.

"सर, सतरा नंबरच्या तारखा निघाल्यात. तिच्या घरच्यांना बोलावलंय. तुम्ही दाखला लिहून ठेवा."

 पेन घेतला आणि लिहायला लागलो. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, प्रवेशाची इयत्ता. हात सवयीनं चालत होता. कारणाच्या रकान्याशी आलो तोवर शिपाई सांगत आला, नसरीनच्या घरून माणूस आलाय, पण आत यायला तयार नाही, गेटावर उभा आहे.

पुस्तक हातात तसंच घेऊन मी बाहेर गेलो. गेटावर सलीम उभा होता. नसरीन त्याच्या बहिणीची मुलगी, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्याच्या हाताला वेल्डिंगचे डाग होते आणि एक हात स्वतःच बनवलेल्या गेटावर होता.

"सलाम, सर. दाखला द्यायलाव का?"

मी नुसती मान हलवली.

"द्या. बहीण म्हणली, सर म्हणतील तसं कर. फक्त कारण खरं लिवा."

"म्हणजे?"

"मराठी येत न्हाई म्हणून काढली, असं लिवा. आमच्या घरचं कुणी विनंती करायलं न्हाई."

तो चिडून बोलला असता तर बरं झालं असतं. तो अगदी गिऱ्हाइकाला माप सांगावं तसं बोलला. माझ्या हातातलं पुस्तक मला जड झालं. मी त्याला थांब म्हणालो आणि आत गेलो. अर्धा लिहिलेला दाखला आपासमोर ठेवला, त्यावर आडवी रेघ मारली आणि 'रद्द' लिहिलं.

"सर, हे काय केलंत?"

"ती आपल्याकडूनच बसंल."

आपानं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "स्टाफमधल्या अकरा जणांच्या घरचा सवाल हाय, सर. मी तुमच्या एकट्याच्या शब्दावर कसं ठरवू? तुम्ही तर मे महिन्यात रिटायर होताव."

ती बरोबर बोलत होती. माझ्या मोठेपणाचं बिल उरलेल्या दहा जणांनी भरायचं होतं. तिनं सगळ्यांना बोलावलं आणि मला म्हणाली, "आता यांना सांगा. नापास झाली तर काय?"

"तर नापास झाली. पण आपल्या शाळेतून नापास झाली," मी म्हणालो.

 शेवटी इम्रान सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बसू द्या तिला. माझी रिक्षा बरी चालायलीय." मग कुणीतरी हसलं आणि ते तसंच ठरलं. मला त्या दिवशी त्या खोलीतल्या माणसांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा कुठल्याही निकालाचा वाटलेला नाही.

ठरवणं सोपं होतं. शिकवायचं कसं हा प्रश्न होता. नसरीनला मी शाळा सुटल्यावर तासभर बसवायला लागलो. ती वही उघडायची, समास आखायची, तारीख टाकायची आणि थांबायची. मी विषय द्यायचो, 'माझा आवडता ऋतू'. ती अर्धा तास त्या शीर्षकाखाली रेघ गडद करत बसायची. तोंडानं विचारलं तरी "येत न्हाई, सर" एवढंच. महिना गेला. मला वाटायला लागलं की आपण नुसती जिद्द केली आणि सगळ्यांना खड्ड्यात घातलं.

आठवडी बाजाराच्या दिवशी मी भाजीला गेलो होतो. बांगड्यांच्या पालाजवळून जाताना मराठी ऐकू आलं आणि मी जागीच थांबलो. नसरीन पालात बसली होती. समोर खेड्यातली एक बाई हात पुढं करून, तोंड वाकडं करून बसलेली.

"मावशे, हात सैल सोडा. माझ्याकडं नका बघू, त्या कांद्याच्या ढिगाकडं बघा. कांदा कसा दिला त्यानं? महाग हाय व्हय? घ्या, चढल्या बघा चार. बोलत बोलत चढतेत, घाबरून बसलं की फुटतेत."

बाई हसत उठली. मी पुढं झालो. मला बघून नसरीन परत गप्प.

"आता त्या मावशीला काय म्हणालीस?"

"काय न्हाई, सर."

"जे म्हणालीस तेवढंच उद्या लिहून आण. एक शब्द इकडचा तिकडं करू नको."

दुसऱ्या दिवशी तिनं सात ओळी आणल्या. चुका इतक्या की लाल पेनाला जागा नव्हती, पण वाक्यं जिवंत होती. मी लाल पेन खिशात ठेवला. पुढच्या बाजाराला पाच बायका, पंधरा ओळी. मग कोण बाई लेकीच्या लग्नासाठी बांगड्या भरते, कोण घासाघीस करून शेवटी काहीच घेत नाही, कुणाच्या हाताला घट्टे पडलेत, सगळं वहीत यायला लागलं. एकदा तिनं लिहिलं, 'एक बाई म्हणाली, माझ्या नवऱ्याला हिरवा रंग आवडतो. मी म्हणाले, मग त्यांनाच भरू का.' मी मोठ्यानं हसलो. हाजीसाहेबांना दिलेला शब्द मोडला असं क्षणभर वाटलं, पण नसरीनही हसत होती. त्यानंतर मी शुद्धलेखनाला हात घातला. दिवाळीनंतर वही भेटली. उर्दूपेक्षा मराठीची पानं जास्त झाली होती, याची मी शाळाभर जाहिरात केली.

मार्चमध्ये परीक्षा झाली. मे अखेरीला मी शाल-नारळ घेऊन विनाअनुदानितच निवृत्त झालो. निकालाच्या दिवशी कुणी बोलावलं नसताना ऑफिसात जाऊन बसलो. आपा कॉम्प्युटरवर एकेक नंबर टाकत होती. नसरीन पास झाली. मराठीत अठ्ठावन्न. आपानं खुर्ची माझ्याकडं वळवली आणि डोळे पुसले. मी तर सरळ रडलो. पुढचे नंबर टाकताना एक मुलगा गणितात गेला, ज्याची आम्ही कुणीच काळजी केली नव्हती. म्हणजे शंभर टक्के नाहीच. पेढे तरीही वाटले, आणि त्या मुलाच्या घरी आपा स्वतः घेऊन गेली.

जुलैत पथक आलं. त्यांनी निकालाचा कागद पाहिला, "छान आहे" म्हणाले आणि बाजूला ठेवला. जाताना त्रुटींची यादी दिली. कुंपणाची मागची भिंत अपुरी, प्रयोगशाळेला कपाट कमी, आग विझवायचं नळकांडं नाही. निकालाबद्दल एक अक्षर नव्हतं. आपानं यादी मला वाचायला दिली. मी ती तीनदा वाचली, कारण मला त्यात सलीमचं एक वर्ष कुठंतरी शोधायचं होतं. आम्ही त्याला ज्यासाठी बाहेर काढलं, ते कुणी मागितलंच नव्हतं.

महिनाअखेरीला मी आपाला यादीचं उत्तर मराठीत लिहून द्यायला ऑफिसात बसलो होतो. दारात सावली आली. सलीम होता. गेट ओलांडून, पटांगण ओलांडून, चप्पल पायात ठेवून थेट ऑफिसात आला होता.

"सर, माझा दाखला हाय का अजून?"

कपाटात खालच्या खणात होता. कडा पिवळ्या झाल्या होत्या. मी तो त्याच्या हातात दिला आणि मान खाली घातली. सलीम उभ्यानंच वाचायला लागला, ओळीवर बोट ठेवून, अडखळत, पण बरोबर. शेवटच्या रकान्याशी बोट थांबलं.

"पालकांच्या विनंतीवरून." त्यानं वर पाहिलं. "अब्बानं विनंती केली नव्हती, सर."

"नव्हती. मी खोटं लिहिलं. चूक माझी होती, सलीम. मला माफ कर."

त्यानं दाखल्याची घडी घातली, परत उघडली.

"फॉर्म भरायला हेच लागतंय ना?"

"कुठला फॉर्म?"

"सतरा नंबर. नसरीन पास झाल्यापासून घरात मलाच बोलायलीय, मामू, आता तुमची बारी." त्यानं दाखला माझ्यापुढं टेबलावर ठेवला. "भरा. आता मीच विनंती करायलो."

फॉर्म मीच भरला, माझ्या त्याच चांगल्या अक्षरात. सलीम रोज वर्कशॉप बंद केल्यावर शाळेत येतो, आपा आमच्यासाठी एक वर्ग उघडा ठेवते. गणिताची उजळणी नसरीन घेते, उर्दूतून. मराठी माझ्याकडं. त्यानं दोनशे पानी वही आणलीय. एका बाजूनं तिची गणितं सरकतायत, दुसऱ्या बाजूनं माझे निबंध. परीक्षा मार्चात आहे. वही अजून भेटायची आहे.